वास्प-१९३बी : गुरूपेक्षा दीडपट रुंद, वस्तुमान मात्र गुरूच्या सातव्या हिश्श्याएवढे

उत्तरायण (धागाकर्ता) :

मे २०२४ मध्ये ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’ या नियतकालिकात वास्प-१९३बी या सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचा शोध प्रसिद्ध झाला आणि लगेच ‘बुढ्ढी के बाल इतका हलका ग्रह’ अशा मथळ्यांच्या बातम्या आल्या. बातम्यांमधला आकडा बरोबर होता. ग्रहाची सरासरी घनता घनसेंटिमीटरला सुमारे ०.०५९ ग्रॅम आहे आणि जत्रेतल्या त्या मिठाईचीही घनता साधारण तेवढीच असते. परंतु हा आकडा कोणत्या मार्गाने मिळाला, याचा उल्लेख बहुतेक ठिकाणी गाळला गेला. घनता ही ग्रहाकडे पाहून थेट मोजता येणारी राशी नाही. ती दोन स्वतंत्र मोजमापांचा भागाकार आहे, आणि त्यांपैकी एक मोजमाप तुलनेने सोपे, तर दुसरे अतिशय अवघड होते. माझ्या मते या शोधातील खरे काम त्या दुसऱ्या मोजमापात आहे, म्हणून त्यासाठी हा स्वतंत्र धागा काढत आहे.

सुरुवात दक्षिण आफ्रिकेतील सदरलँड येथील वेधशाळेत झाली. तेथे ‘वास्प’ या ग्रहशोध प्रकल्पाची ‘वास्प-साउथ’ नावाची यंत्रणा होती आणि तिच्यात मोठी दुर्बीण नव्हतीच. छायाचित्रकार वापरतात तशा २०० मिलिमीटरच्या कॅनन भिंगांचे आठ कॅमेरे एका बैठकीवर बसवलेले होते. रात्रीमागून रात्री लाखो ताऱ्यांचे तेज नोंदवायचे आणि एखाद्या ताऱ्याचे तेज ठरावीक कालांतराने किंचित घटते का हे पाहायचे, एवढेच त्यांचे काम. वास्प-१९३ हा आपल्यापासून सुमारे १२०० प्रकाशवर्षे दूर असलेला, सूर्यापेक्षा थोडा मोठा आणि थोडा उष्ण तारा आहे. २००६ ते २००८ आणि पुन्हा २०११-१२ मधील नोंदींमध्ये त्याचे तेज दर सव्वासहा दिवसांनी घटताना आढळले. ग्रह आपल्या आणि ताऱ्याच्या मधून जातो, तेव्हा हे अधिक्रमण घडते.

अधिक्रमणातून ग्रहाची त्रिज्या मिळते, पण तीही थेट नव्हे. तेज किती टक्क्यांनी घटले यावरून ग्रह आणि तारा यांच्या त्रिज्यांचे गुणोत्तर कळते. येथे घट दीड टक्क्याच्या आसपास आहे. ताऱ्याची त्रिज्या वेगळ्या मार्गाने काढावी लागते आणि त्यासाठी ‘गाया’ उपग्रहाने मोजलेले अंतर फार उपयोगी पडले. चिलीमधील ला सिया येथील ६० सेंटिमीटरची ट्रॅपिस्ट-साउथ दुर्बीण, पारानाल येथील स्पेक्युलूस-साउथ आणि ‘टेस’ हा उपग्रह यांनी तेच अधिक्रमण पुन्हा अधिक बारकाईने टिपले. या सर्वांवरून ग्रहाची त्रिज्या गुरूच्या १.४६ पट ठरली.

वस्तुमानासाठी ताऱ्याच्या वर्णपटाकडे वळावे लागते. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तसा ताराही दोघांच्या सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती लहानसा फेरा घेतो, त्यामुळे तो आळीपाळीने आपल्याकडे येतो आणि दूर जातो, आणि त्याच्या वर्णरेषा डॉप्लर परिणामामुळे सरकतात. वास्प-१९३ च्या बाबतीत या अरीय वेगातील चढउतार सेकंदाला फक्त १५ मीटरच्या आसपास आहे. प्रकाशाच्या वेगाशी तुलना केली तर वर्णरेषेचे हे सरकणे दोन कोटींत एक भाग एवढे भरते. शिवाय तारा बाराव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्यापेक्षा अडीचशे-तीनशे पट मंद. ला सिया येथील कोराली आणि हार्प्स या दोन वर्णपटमापकांच्या नोंदी एकत्र करून ग्रहाचे वस्तुमान गुरूच्या ०.१३९ पट, म्हणजे पृथ्वीच्या सुमारे ४४ पट ठरले.

आता भागाकार करून पाहा. १.४६४ चा घन ३.१४ येतो, म्हणजे आकारमान गुरूच्या तिप्पट. ०.१३९ भागिले ३.१४ म्हणजे ०.०४४; गुरूची सरासरी घनता १.३३ धरून गुणल्यास ०.०५९. शनी हा आपल्या सूर्यमालेतील सर्वांत विरळ ग्रह, त्याची घनता ०.६९ आहे. म्हणजे हा ग्रह शनीपेक्षाही अकरा-बारा पट विरळ भरतो.

एवढा विरळ ग्रह असण्याचे कारण अजून समाधानकारकपणे सांगता आलेले नाही. ग्रहांच्या उत्क्रांतीची नेहमीची प्रारूपे वापरली आणि ग्रहाच्या पोटात खडकाळ गाभा मुळीच नाही असे अवास्तव गृहीतक धरले, तरीसुद्धा एवढी त्रिज्या हाती येत नाही. या विषयाची माहिती असलेल्या सदस्यांनी कृपया लिहावे.


शंकासूर :

लेख आवडला, परंतु कालक्रमाबद्दल एक शंका आहे. नोंदी २००६ पासूनच्या आहेत आणि निबंध २०२४ चा. वास्प प्रकल्पाने दोनशेच्या जवळपास ग्रह शोधले असे वाचले आहे आणि त्यांतील बरेच शोध नोंदींनंतर काही वर्षांतच जाहीर झाले होते. मग याच ग्रहाला एवढा उशीर का व्हावा? आणि दीड टक्का घट ग्रहामुळेच होते, एकमेकांना झाकणाऱ्या दोन ताऱ्यांमुळे नाही, हे कशावरून?


उत्तरायण :

आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकमेकांत गुंतलेले आहे.

पार्श्वभूमीवर दूर एखादी तारकाजोडी असेल आणि तिचा प्रकाश आपल्या ताऱ्याच्या प्रकाशात मिसळत असेल, तर अशीच उथळ घट दिसू शकते. रुंद क्षेत्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या शोधात असे फसवे उमेदवार खऱ्या ग्रहांपेक्षा जास्त सापडतात. म्हणून अधिक्रमण दिसले की अरीय वेग मोजल्याशिवाय कोणी ग्रह जाहीर करत नाही. याच कक्षेत गुरूएवढ्या वस्तुमानाचा ग्रह असता, तर ताऱ्याच्या वेगात सेकंदाला १०० मीटरच्या आसपास चढउतार दिसला असता आणि ला सियावरील १.२ मीटरच्या ऑयलर दुर्बिणीला जोडलेल्या कोरालीने तो थोड्या निरीक्षणांतच दाखवला असता. वास्पचे बहुतेक ग्रह याच वाटेने पक्के झाले. येथे अधिक्रमण गुरूपेक्षा मोठ्या ग्रहाचे, पण वेगातील चढउतार अपेक्षेच्या सातव्या हिश्श्याएवढा आणि कोरालीच्या त्रुटीत बुडून जाणारा. ३.६ मीटरच्या दुर्बिणीवरील हार्प्सच्या नोंदी जमेपर्यंत वाट पाहणे भाग होते. लीज विद्यापीठातील, मूळचे मोरोक्कोचे खालिद बरकावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्तुमान पक्के करण्यासाठी सुमारे चार वर्षे नोंदी गोळा केल्या.

ग्रह विरळ आहे म्हणूनच तो ओळखायला कठीण गेला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. असे आणखी किती उमेदवार ‘वेग दिसत नाही’ म्हणून जुन्या याद्यांत पडून असतील, असा प्रश्न साहजिकच पडतो.


गणितवेडी :

मूळ लेखातील भागाकाराला मी त्रुटींचा हिशोब जोडते, कारण त्याशिवाय ‘०.०५९’ हा आकडा आहे त्यापेक्षा अधिक नेमका वाटतो.

प्रसिद्ध झालेले वस्तुमान ०.१३९ अधिक-उणे ०.०२९ आहे, म्हणजे त्रुटी २१ टक्के. त्रिज्येतील त्रुटी चार टक्के आहे, परंतु घनतेच्या सूत्रात त्रिज्येचा घन येत असल्यामुळे ती तिप्पट होऊन १२ टक्के होते. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की २४ टक्के येतात. निबंधातही घनता ०.०५९ अधिक-उणे ०.०१४ अशीच दिली आहे. तेव्हा खरी घनता ०.०४५ ते ०.०७३ यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. यातील मोठा वाटा वस्तुमानाच्या त्रुटीचा आहे, आणि धागाकर्त्यांचे म्हणणेही तेच आहे. मात्र वरची मर्यादा धरली तरी ग्रह शनीपेक्षा नऊ पटींहून अधिक विरळ राहतो, त्यामुळे मूळ कोडे त्रुटींनी सुटत नाही.

याच आकड्यांवरून आणखी एक गोष्ट काढता येते आणि ती मला घनतेपेक्षाही विलक्षण वाटते. गुरुत्वत्वरण वस्तुमानाला त्रिज्येच्या वर्गाने भागून मिळते : ०.१३९ भागिले २.१४ म्हणजे गुरूच्या साडेसहा टक्के, म्हणजेच सेकंदवर्गाला सुमारे १.६ मीटर. आपल्या चंद्राच्या पृष्ठभागावर हेच त्वरण १.६२ आहे. व्यास दोन लाख किलोमीटरांहून अधिक, वस्तुमान पृथ्वीच्या ४४ पट, आणि वरच्या थरातील वायूला धरून ठेवणारी ओढ मात्र चंद्राएवढी!


पेठकर :

बातम्यांतील उपमेबद्दल थोडी तक्रार नोंदवतो. त्या मिठाईत सगळीकडे सारखीच विरळता असते, तर वायूच्या ग्रहात घनता बाहेरून आत सतत वाढत जाते. या ग्रहाच्या अगदी आतल्या भागात वायू प्रचंड दाबाखाली दाबलेला असणारच, आणि तेथे घनता पाण्यापेक्षा बरीच जास्त असायला हरकत नाही. बाहेरचा प्रचंड रुंद, उष्ण आणि जवळजवळ रिकामा थर आकारमानात मोजला जातो, पण वस्तुमानात त्याची भर नगण्य असते. ‘सरासरी’ हा शब्द बातमीतून गळला की वाचकाच्या डोळ्यांपुढे एक मऊ गोळा उभा राहतो आणि तो चुकीचा आहे.


उत्तरायण :

आपला आक्षेप मान्य आहे. लेखात ‘सरासरी घनता’ असेच लिहिले आहे, परंतु उपमा पुढे नेताना ही मर्यादा सांगायला हवी होती हे खरे.


निळावंती :

हा माझ्या अभ्यासाशी लागून असलेला विषय असल्याने ‘ग्रह फुगतो कसा’ या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहिते.

वायुग्रह जन्मतः उष्ण आणि मोठे असतात. पुढे ते उष्णता बाहेर टाकत जातात, आणि जसजसे थंड होतात तसतसे स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसतात. वास्प-१९३ चे वय ढोबळमानाने सूर्याएवढे, म्हणजे चारशे-साडेचारशे कोटी वर्षांच्या आसपास मानले जाते. या आकड्यातील अनिश्चितता मोठी असली, तरी ग्रह तरुण असल्यामुळे फुगलेला आहे असे म्हणण्यास फारसा आधार नाही. म्हणजे एक तर त्याचे थंड होणे कोणत्या तरी कारणाने रखडले असावे, नाहीतर त्याच्या आत सतत ऊर्जा पोहोचत असावी.

हा प्रश्न नवा नाही. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी ५१ पेगासी ताऱ्याभोवतीचा पहिला ‘तप्त गुरू’ (ताऱ्याच्या अगदी जवळून फिरणारा गुरूसारखा वायुग्रह) शोधला, आणि त्यानंतर चारच वर्षांनी एचडी २०९४५८बी या ग्रहाचे अधिक्रमण प्रथमच दिसले. त्याची त्रिज्या गुरूच्या सुमारे १.३५ पट निघाली, जी त्याच्या वस्तुमानाच्या मानाने जास्त होती. पुढे २००७ मध्ये ट्रेस-४ आणि २००९ मध्ये वास्प-१७बी असे आणखी विरळ ग्रह मिळत गेले. २०११ पर्यंत एक गोष्ट निरीक्षणांतून स्पष्ट झाली : ग्रहावर पडणारे तारकाप्रारण पृथ्वीला सूर्याकडून मिळणाऱ्या प्रारणाच्या दीडशे पटींच्या खाली असेल, तर ग्रह फुगलेला आढळत नाही, आणि त्या मर्यादेच्या वर प्रारणाबरोबर फुगवटाही वाढत जातो. वास्प-१९३बी ताऱ्यापासून सुमारे एक कोटी किलोमीटरवर आहे आणि त्याला पृथ्वीच्या सुमारे चारशे पट ऊर्जा मिळते. म्हणजे तो मर्यादेच्या वरच्या गटात मोडतो.

परंतु वरून पडणारा प्रकाश वरच्याच थरात शोषला जाऊन परत बाहेर फेकला जातो. त्याने ग्रहाचे पोट तापत नाही. ती ऊर्जा खोल उतरवणारी यंत्रणा कोणती, यावर अनेक मते आहेत. २०१० मध्ये कॉन्स्टँटिन बॅटिगिन आणि डेव्हिड स्टीव्हन्सन यांनी मांडलेली कल्पना अशी की, हजार अंशांच्या वरच्या तापमानाला सोडियम-पोटॅशियमसारख्या मूलद्रव्यांचे काही अणू इलेक्ट्रॉन गमावतात. असा किंचित विद्युतवाहक झालेला वायू वेगवान वाऱ्यांबरोबर ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहिला की विद्युतप्रवाह निर्माण होतात, आणि ते आत खोलवर जाऊन तेथील रोधामुळे उष्णता निर्माण करतात. २०१८ मध्ये डॅनियल थॉर्नग्रेन आणि जोनाथन फोर्टनी यांनी अनेक ग्रहांच्या नोंदींवरून असे काढले की, पोटात मुरणाऱ्या ऊर्जेचे प्रमाण १५०० ते १६०० केल्विनच्या आसपास कमाल, म्हणजे सुमारे अडीच टक्के असते आणि त्याहून उष्ण ग्रहांत ते पुन्हा घटते. तापमान फार वाढले की वायू अधिक वाहक होतो आणि चुंबकीय क्षेत्र वाऱ्यांनाच अडवू लागते, म्हणून अशी घट विद्युतप्रवाहाच्या कल्पनेला अनुकूल मानली जाते.

वास्प-१९३बी चे अपेक्षित तापमान सुमारे १२५० केल्विन आहे, म्हणजे कमाल बिंदूच्या अलीकडे. तरी त्याचे वस्तुमान कमी असल्याने थोडी ऊर्जाही त्याला जास्त फुगवते. अडचण अशी की, इतक्या हलक्या ग्रहाला जास्त फुगवले तर त्याचे वातावरणच अवकाशात निसटून जाऊ लागते. म्हणजे हा ग्रह फुगला कसा याबरोबरच, एवढी वर्षे तो उरला कसा, हेही सांगावे लागणार आहे. मला स्वतःला हा दुसरा प्रश्न अधिक अवघड वाटतो.

वास्प-१०७बी या ग्रहाचे उदाहरण येथे बोलके आहे. वस्तुमान गुरूच्या सुमारे एकदशांश, त्रिज्या गुरूच्या ९४ टक्के, आणि तापमान अवघे ७४० केल्विनच्या आसपास, म्हणजे प्रारणाच्या मर्यादेखालचा ग्रह. तरी तो विरळ आहे! जेम्स वेब दुर्बिणीने त्याच्या वातावरणाचे वर्णपट घेतले आणि २०२४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवले की त्याच्यात मिथेन अपेक्षेपेक्षा फारच कमी आहे. मिथेन नष्ट करण्याएवढी उष्णता खालून येत असली पाहिजे, आणि ती कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असल्यामुळे ताऱ्याच्या भरतीओहोटीच्या ताणातून निर्माण होत असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यामुळे त्याच्या पोटात पृथ्वीच्या दहापटींहून जड गाभा असूनही तो फुगलेला दिसतो हे समजू शकते. वास्प-१९३बी ची कक्षा मात्र उपलब्ध नोंदींनुसार वर्तुळापासून फारशी वेगळी दिसत नाही, म्हणून तेच उत्तर येथे जसेच्या तसे लावता येणार नाही.


शंकासूर :

इतके सगळे तापवण्यापेक्षा एक सोपे उत्तर का चालू नये? ग्रहाभोवती शनीसारखी कडी असतील, तर तीही ताऱ्याचा प्रकाश अडवतील आणि आपण त्यांचा आकार ग्रहाच्याच त्रिज्येत धरू. मग ग्रह प्रत्यक्षात लहान आणि नेहमीच्या घनतेचा निघेल.


निळावंती :

ही कल्पना गंभीरपणे मांडली गेलेली आहे, पण वेगळ्या ग्रहांसाठी. एचआयपी ४१३७८एफ हा ग्रह ताऱ्याभोवती ५४२ दिवसांत फिरतो आणि त्याची घनता ०.०९ च्या आसपास येते. त्याच्याबाबत कड्यांची शक्यता तपासली गेली आहे, आणि एवढ्या दूरच्या कक्षेत ती भौतिकदृष्ट्या शक्यही आहे.

वास्प-१९३बी वर दोन अडचणी येतात. १२५० केल्विनला बर्फाची कडी टिकणार नाहीत, खडकांचीच लागतील. त्याहून मोठी अडचण कलण्याची आहे. इतक्या जवळच्या ग्रहाचा अक्ष ताऱ्याच्या ओढीमुळे कक्षेला काटकोनात येऊन स्थिरावतो, त्यामुळे विषुववृत्तावरची कडी कक्षेच्याच प्रतलात राहतात. आपण हे अधिक्रमण पाहतो याचाच अर्थ आपण त्या प्रतलाच्या जवळजवळ कडेवर आहोत. तेव्हा कडी असली तरी ती आपल्याला धारेवरून दिसतील आणि फारसा प्रकाश अडवणार नाहीत.

बातम्यांत याला ‘दुसऱ्या क्रमांकाचा विरळ ग्रह’ म्हटले होते, त्याबद्दलही लिहिते. पहिल्या क्रमांकासाठी केप्लर-५१ भोवतीच्या ग्रहांचे नाव घेतले जाते. त्यांची घनता ०.१ पेक्षा कमी आहे हे खरे, पण ते पृथ्वीच्या दहापटींपेक्षा कमी वस्तुमानाचे आहेत, त्यांचा तारा अवघा ५० कोटी वर्षांचा आहे, आणि त्यांची वस्तुमाने अरीय वेगावरून काढलेली नाहीत. ग्रह एकमेकांना ओढतात त्यामुळे अधिक्रमणांच्या वेळा पुढेमागे होतात, त्यावरून ती मिळाली आहेत. अशा वेगळ्या प्रकारच्या ग्रहांची एकाच रांगेत क्रमवारी लावण्यात मला अर्थ वाटत नाही.


गुरुशिखर :

या चर्चेत भारतातून शोधलेल्या विरळ महाग्रहाची नोंद असावी असे वाटते. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची वेधशाळा माउंट अबूला गुरुशिखरावर आहे आणि तेथील १.२ मीटरच्या दुर्बिणीला ‘पारस’ हा वर्णपटमापक जोडलेला आहे. अभिजित चक्रवर्ती यांच्या गटाने २०२१ मध्ये त्याच्या साहाय्याने टीओआय-१७८९बी हा ग्रह निश्चित केला. अधिक्रमणाची पहिली खूण ‘टेस’ उपग्रहाची होती आणि वस्तुमान अबूहून मोजले गेले. ग्रहाचे वस्तुमान गुरूच्या ०.७ पट, त्रिज्या १.४४ पट आणि घनता सुमारे ०.२८ आहे, वर्ष अवघे सव्वातीन दिवसांचे.

वास्प-१९३बी च्या तुलनेत तो पाचपट घन आहे, म्हणून त्याच्या बातम्या तेवढ्या गाजल्या नाहीत. परंतु निळावंती यांनी सांगितलेल्या प्रश्नासाठी तो महत्त्वाचा आहे, कारण त्याचा तारा आयुष्याच्या उत्तरार्धाकडे झुकलेला आणि स्वतः फुगू लागलेला आहे. तारा प्रखर होत जाईल तसा ग्रह पुन्हा फुगतो का, हे तपासायचे असेल तर असेच तारे लागतात.

त्याच गटाने २०२३ मध्ये टीओआय-४६०३बी हा अगदी विरुद्ध टोकाचा ग्रह जाहीर केला : त्रिज्या जवळजवळ गुरूएवढीच, वस्तुमान मात्र जवळपास तेरा पट, आणि घनता १४ च्या वर. वास्प-१९३बी आणि हा, दोघेही आकाराने महाग्रहच, आणि दोघांच्या घनतेत सुमारे २४० पटींचे अंतर.


राईनकाठ :

गुरुशिखर यांच्या प्रतिसादाला जर्मनीहून एक छोटीशी पुरवणी. टीओआय-१७८९बी च्या वस्तुमानासाठी अबूच्या नोंदींबरोबर थुरिंगिया राज्यातील टाउटेनबुर्ग वेधशाळेच्या २ मीटर दुर्बिणीवरील नोंदीही वापरल्या होत्या.


रात्रपाळी :

गणितवेडी यांनी गुरुत्वत्वरण काढले, तोच धागा पुढे नेतो. पृथ्वीच्या वातावरणात साधारण साडेआठ किलोमीटर वर गेले की हवेचा दाब जवळजवळ पावणेतीन पट कमी होतो. गुरूवर हेच अंतर २७ किलोमीटरच्या आसपास आहे. वास्प-१९३बी वर हायड्रोजन-हेलियमचे मिश्रण, १२५० केल्विन तापमान आणि १.६ त्वरण धरले, तर ते २७०० किलोमीटरच्या घरात येते. म्हणजे ग्रहाच्या कडेभोवती हजारो किलोमीटर जाडीचे अर्धपारदर्शक वलय आहे आणि अधिक्रमणाच्या वेळी ताऱ्याचा प्रकाश त्यातून गाळून आपल्यापर्यंत येतो.

एवढ्या एका थराने ताऱ्याच्या प्रकाशात पडणारा फरक मी काढला तर ०.०८ टक्के आला. जेम्स वेब दुर्बीण लाखात काही भागांइतका सूक्ष्म फरक टिपते, त्यामुळे एकाच अधिक्रमणात पाणी, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड यांच्या खुणा दिसू शकतील. ढग किंवा धुरके वर आले तर मात्र वर्णपट सपाट दिसेल. केप्लर-५१ च्या दोन ग्रहांच्या बाबतीत हबल दुर्बिणीला असाच सपाट वर्णपट मिळाला होता.

निसटणाऱ्या वातावरणासाठी हेलियमची अवरक्त रेषा पाहतात आणि वास्प-१०७बी वर ती २०१८ मध्ये दिसली, बाह्यग्रहावर हेलियम सापडण्याची ती पहिलीच वेळ. पण त्या ग्रहाचा तारा सूर्यापेक्षा लहान आणि थंड, के वर्गाचा आहे. त्या रेषेसाठी हेलियमचे अणू ज्या अवस्थेत लागतात, ती के वर्गाच्या ताऱ्यांच्या प्रारणात सर्वांत चांगली टिकते. वास्प-१९३ हा एफ वर्गाचा तारा असल्यामुळे तेथे ती रेषा न दिसल्यास ‘वातावरण निसटत नाही’ असा अर्थ घाईने काढता येणार नाही.


वाईचा दुर्बीणवाला :

आमच्याकडे आठ इंची दुर्बीण आणि सीसीडी कॅमेरा आहे. दीड टक्क्याची घट हौशी निरीक्षकाच्या आवाक्यात आहे असे मला वाटते. महाराष्ट्रातून हे अधिक्रमण टिपता येईल का?


उत्तरायण :

घट टिपता येईल, ०.०१५ प्रतीचा फरक बाराव्या प्रतीच्या ताऱ्यावर आठ इंची दुर्बिणीने मिळतो. अशा नोंदींना उपयोगही आहे, कारण युरोपच्या नियोजित एरियल मोहिमेसाठी चालणाऱ्या एक्सोक्लॉक प्रकल्पात हौशी निरीक्षकांनी मोजलेल्या अधिक्रमणांच्या वेळा घेतल्या जातात. अडचण भूमितीची आहे.

तारा खगोलीय विषुववृत्ताच्या ३० अंश दक्षिणेला आहे, त्यामुळे वाई-पुण्याहून तो याम्योत्तर वृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, जेथे तारा सर्वांत उंच असतो) आला तरी ४० अंशांच्या थोडाच वर येतो. मार्चच्या सुरुवातीला तो मध्यरात्रीच्या सुमारास तेथे असतो. क्षितिजापासून २० अंशांच्या वर तो एका रात्रीत सुमारे सात तास राहतो. अधिक्रमण चार तासांच्या आसपास चालते आणि आधी-नंतरचा एकेक तास तुलनेसाठी हवा, म्हणजे सहा तास गेले. तेव्हा अधिक्रमणाचा मध्य ताऱ्याच्या याम्योत्तर गमनाच्या अर्ध्या तासाच्या आत पडला, तरच पूर्ण नोंद मिळेल.

आता आवर्तकाळ पाहा. तो ६.२४६३ दिवसांचा आहे, म्हणून चार फेऱ्यांना पंचवीस दिवसांपेक्षा वीस-एकवीस मिनिटे कमी लागतात. म्हणजे पंचवीस दिवसांनी अधिक्रमण घड्याळाच्या जवळजवळ त्याच वेळी येते, पण दरम्यान तारा शंभरएक मिनिटे लवकर मध्यावर येऊ लागलेला असतो. हिशोब केला तर एका जागेवरून फेब्रुवारी ते मे या हंगामात पूर्ण अधिक्रमण मिळण्याची संधी एखादीच येते, आणि त्या रात्री आकाश निरभ्र हवे. अर्धवट नोंदी मात्र अधिक वेळा मिळतील, आणि अधिक्रमणाची नुसती सुरुवात किंवा नुसता शेवट नीट टिपला तरी वेळ ठरवायला तो चालतो.


वाईचा दुर्बीणवाला :

मग शेवटाची नोंद आधी घेऊ. मार्च-एप्रिलमधील कोणत्या रात्री तो मध्यरात्रीच्या अलीकडे येतो याचे कोष्टक मी काढून येथे चढवतो; कोल्हापूर किंवा गोव्याकडच्या कोणाकडे दुर्बीण असेल, तर तारा तिकडे एक-दोन अंश अधिक उंच मिळेल, त्यांनी जरूर कळवावे.